‘दिसलं’ या शब्दाचा भरवसा

आभाळावर आम्हा कवी मंडळींनी फार लिहिलं आहे. मोकळं आभाळ, अथांग आभाळ, पाखरांचं आभाळ. मीही त्यातून सुटलेलो नाही. पण विमान चालवणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो सांगेल की आभाळ तितकंसं मोकळं नाही. त्यात मजले आहेत, भिंती आहेत, दारं आहेत. काही खोल्यांत परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. या भिंती नियमांच्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा एखाद्या भीषण अपघातानंतर उभ्या राहिल्या आहेत.

त्या भिंतींचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, कारण विमानांची गर्दी सर्वांत आधी तिथे झाली. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कुठल्याही देशातला आहे. एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘हो, मला दिसलं.’ त्या शब्दावर किती माणसांचे प्राण सोपवायचे?

आधी थोडी ओळख करून घेऊ. विमान चालवण्याच्या दोन रीती आहेत. एक नजरेची. खिडकीतून बाहेर बघायचं, खालची नदी, रेल्वेचा रूळ, डोंगर ओळखायचे, आणि समोर दुसरं विमान आलं तर आपण बाजूला व्हायचं. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाची पोती घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, ते असेच. त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरून वाट दाखवणारंही कुणी नव्हतं. डोळे हीच सारी यंत्रणा.

दुसरी रीत उपकरणांची. ढगात शिरल्यावर खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नसतं. तेव्हा वैमानिक समोरच्या तबकड्यांवर भरवसा ठेवतो, आणि इतर विमानांपासून त्याला दूर ठेवण्याचं काम जमिनीवरचा नियंत्रक करतो. पहिल्या रीतीच्या नियमांना व्हीएफआर म्हणतात, दुसरीच्या नियमांना आयएफआर. आपण त्यांना नजरेचे नियम आणि उपकरणांचे नियम म्हणू या.

गंमत अशी, की या दोन्ही रीतींचे वैमानिक एकाच आभाळात असतात. उपकरणांवर चाललेलं मोठं प्रवासी विमान ढगातून बाहेर पडतं, आणि बाहेर कुणी हौशी माणूस सुटीच्या दिवशी आपलं चार आसनी विमान घेऊन फिरत असतो. म्हणून नियम असा झाला, की नजरेनं उडणाऱ्यानं ढगाला चिकटून जायचं नाही. अमेरिकेत दहा हजार फुटांखालच्या बहुतेक नियंत्रित आभाळात ढगाच्या खाली असाल तर ५०० फूट, वर असाल तर १,००० फूट आणि बाजूला असाल तर २,००० फूट अंतर ठेवावं लागतं, आणि समोरचं किमान तीन मैल दिसावं लागतं. ढगातून अचानक बाहेर पडणाऱ्याला आणि बाहेर असणाऱ्याला एकमेकांना बघायला चार क्षण मिळावेत, एवढाच त्यामागचा हेतू.

उंचीचीही वाटणी आहे. पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी विषम हजार, पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी सम हजार. उपकरणांवाले नेमक्या हजारावर, नजरेवाले त्यात पाचशे मिळवून. म्हणजे पूर्वेला निघालेला हौशी वैमानिक साडेपाच हजारांवर असेल, तर समोरून येणारं उपकरणांवरचं विमान सहा हजारांवर असायला हवं. मधे पाचशे फूट. कागदावर ही व्यवस्था सुरेख दिसते.

आता ३० जून १९५६ च्या सकाळकडे येऊ. लॉस एंजलिसच्या विमानतळावरून तीन मिनिटांच्या अंतरानं दोन विमानं निघाली. ९ वाजून १ मिनिटाला टीडब्ल्यूए कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन, कॅन्सस सिटीकडे. त्यात ७० माणसं. ९ वाजून ४ मिनिटांनी युनायटेड कंपनीचं डीसी-७, शिकागोकडे. त्यात ५८ माणसं. पहिल्याची ठरलेली उंची १९,००० फूट, दुसऱ्याची २१,०००. दोघंही उपकरणांच्या नियमांनी निघालेले.

वाटेत पावसाळी ढगांचे मनोरे उभे होते. टीडब्ल्यूएच्या कप्तानानं २१,००० फुटांची परवानगी मागितली. नियंत्रकानं ती नाकारली, कारण त्या उंचीवर युनायटेडचं विमान होतं. मग कप्तानानं दुसरी मागणी केली, ढगांच्या माथ्यावर हजार फूट राहून उडण्याची. ती नियमात बसत होती. ढगांच्या वर ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. परवानगी मिळाली. मात्र तिचा अर्थ असा, की इथून पुढे दुसऱ्या विमानापासून दूर राहण्याची जबाबदारी वैमानिकाच्या डोळ्यांवर. त्या दिवशी ढगांचे माथे वीस हजारांच्या आसपास होते. वर हजार फूट म्हणजे किती? एकवीस हजार. जी उंची नियंत्रकानं नाकारली होती, तीच उंची नियमानं दिली.

दोन्ही विमानं नंतर नेहमीचे हवाई मार्ग सोडून वाळवंटावरून सरळ रेषेत निघाली. तेव्हा देशाच्या त्या भागात नियंत्रकाकडे वाटेतली विमानं दाखवणारं रडार नव्हतं. वैमानिकांनी रेडिओवर कळवलेल्या वेळा आणि कागदाच्या पट्ट्या, एवढ्यावर काम चाले. सॉल्ट लेक सिटीच्या नियंत्रकाच्या हाती दोन निरोप आले. दोन्ही विमानं २१,००० फुटांवर आणि दोघांचाही अंदाज असा, की ‘पेंटेड डेझर्ट’ नावाच्या वाळवंटावरची ठरलेली रेषा आपण १० वाजून ३१ मिनिटांनी ओलांडू. तो भाग नियंत्रणाबाहेरचा होता. तिथल्या विमानांना एकमेकांची खबर देण्याचं बंधन नियंत्रकावर नव्हतं. त्यानं ती दिली नाही.

१० वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास ग्रँड कॅन्यनवर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. एक टेम्पल ब्यूट नावाच्या डोंगरावर पडलं, दुसरं चुआर ब्यूटच्या कड्यावर. १२८ पैकी एकही माणूस वाचला नाही. प्रवासी विमानांच्या अपघातात शंभराहून अधिक माणसं जाण्याची ती पहिली वेळ.

चौकशी झाली. अहवालानं म्हटलं, की वैमानिकांनी एकमेकांना वेळेत पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे नक्की ठरवता आलं नाही. मधे ढग आला असेल. कॉकपिटच्या खिडक्यांची मर्यादा असेल. कामात लक्ष असेल. प्रवाशांना ग्रँड कॅन्यनचं दर्शन घडवण्याचा प्रयत्न चालू असेल. माणसाच्या नजरेचीच मर्यादा असेल. आणि वाटेतल्या विमानांना खबर देणारी यंत्रणा व माणसं अपुरी होती, हेही कारण त्या यादीत होतं.

इथे क्षणभर थांबून डोळ्यांविषयी बोलायला हवं. ज्या विमानाशी तुमची टक्कर होणार असते, ते तुमच्या काचेवर हलत नाही. कोकणातल्या जुन्या तांडेलांना हे ठाऊक असतं. दुसरं गलबत नजरेसमोर पुढे किंवा मागे सरकत असेल तर काळजी नाही. ते एकाच दिशेला स्थिर राहून नुसतं मोठं होत असेल, तर धोका. आपले डोळे हालचालीनं जागे होतात. भाताच्या खाचरात उभा बगळा आपल्याला दिसत नाही, उडाला की दिसतो. टक्करीच्या वाटेवरचं विमान हे उभ्या बगळ्यासारखं असतं. काचेवरचा एक ठिपका, जो बराच वेळ ठिपकाच राहतो आणि शेवटच्या काही सेकंदांत भराभर वाढतो. दुसरं विमान दिसणं, ते आपल्याच वाटेवर आहे हे कळणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमान वळणं, या साऱ्याला मिळून सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं. ताशी तीनशे मैलांनी दोन विमानं समोरासमोर आली, तर तेवढ्या वेळात त्यांच्यातलं दोन मैलांचं अंतर संपतं. जे. आर. डीं.च्या पस मॉथच्या वेगाला जो नियम शोभत होता, तो या वेगाला पुरेनासा झाला.

ग्रँड कॅन्यननंतर अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. रडारसाठी पैसा मंजूर झाला. १९५८ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत लष्करी जेट आणि प्रवासी विमान यांच्या आणखी दोन टकरी झाल्या. एकाच आभाळात नागरी नियंत्रक वेगळे आणि लष्करी वेगळे, ही व्यवस्था चालणार नाही, हे स्पष्ट झालं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यातून, पुढे एफएए या नावानं जगाला माहीत झालेली संस्था उभी राहिली आणि देशाचं आभाळ एका छताखाली आलं. उंचावरच्या आभाळात हळूहळू केवळ उपकरणांच्या नियमांनीच उडायचं असं ठरलं. आज तिथे अठरा हजार फुटांच्या वर नजरेच्या भरवशावर जाता येत नाही. ग्रँड कॅन्यनवरची ती परवानगी आज त्या उंचीवर कुणालाही मिळणार नाही.

पण सगळी विमानं शेवटी खाली येतात, आणि खालचं आभाळ सरमिसळीचंच राहिलं. ९ सप्टेंबर १९६९ रोजी इंडियाना राज्यात अलेघेनी कंपनीचं जेट विमान इंडियानापोलिसकडे उतरत होतं, उपकरणांच्या नियमांनी, रडारच्या देखरेखीखाली. एक शिकाऊ वैमानिक एकटाच छोटं पायपर विमान घेऊन नजरेच्या नियमांनी उडत होता. नियंत्रकाला रडारवर त्याची चाहूल लागली नाही. ८३ माणसं गेली. चौकशी मंडळानं शिकाऊ वैमानिकाच्या माथी खापर फोडलं नाही. विमानतळाजवळ दोन्ही रीतींची विमानं मिसळतात, तिथे त्यांना वेगळं ठेवणारा पुरेसा नियमच नाही, असं त्यानं नोंदवलं. १९७० पासून मोठ्या विमानतळांभोवती नियंत्रित आभाळाचे घेर आखायला सुरुवात झाली. आकार उलट्या लग्नाच्या केकसारखा, खाली अरुंद, वर रुंद. त्यात शिरायचं तर परवानगी हवी.

हे घेर सर्वांना आवडले असं नाही. छोट्या विमानवाल्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. आभाळ काही विमान कंपन्यांनी विकत घेतलेलं नाही, ते म्हणाले. शेतावर फवारणी करणारा, टपाल नेणारा, रुग्ण नेणारा, शिकणारा, सगळेच आभाळाचे धनी. नवी उपकरणं महाग. आणि मोठ्यांसाठी मोठा घेर आखला, की लहान विमानं उरलेल्या चिंचोळ्या जागेत दाटीनं उडणार आणि एकमेकांवर आदळणार. धोका नाहीसा होत नाही, फक्त गरिबाच्या अंगणात ढकलला जातो. रस्ता रुंद करताना सायकलवाल्याला गटाराच्या कडेला ढकललेलं आपण पाहिलं आहे, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला समजायला हरकत नाही.

२५ सप्टेंबर १९७८. सॅन दिएगो. सकाळचे नऊ. आकाश निरभ्र. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला येत होतं. पुढे आणि खाली एक छोटं सेसना होतं. त्यातला वैमानिक उपकरणांवर उडण्याचा सराव करत होता. त्यासाठी बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर आडोसा लावतात, आणि बाहेर बघण्याचं काम शेजारचा शिक्षक करतो. नियंत्रकानं बोइंगला सेसनाची सूचना दिली. बोइंगनं कळवलं, दिसलं. मग नजरेनंच अंतर राखा, असं नियंत्रकानं सांगितलं. थोड्या वेळानं बोइंगच्या कॉकपिटमध्ये ते दिसेनासं झालं. खाली रंगीबेरंगी घरांची वस्ती, त्यात ते मिसळून गेलं. वैमानिकानं रेडिओवर म्हटलं, की ते उजवीकडून गेलं असावं. मनोऱ्यातल्या नियंत्रकानं ऐकलं, की ते उजवीकडून जातंय.

‘गेलं’ आणि ‘जातंय’. माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसाला हा फरक झोपू देत नाही. ‘जातंय’ म्हणजे अजून डोळ्यांसमोर आहे. ‘गेलं असावं’ म्हणजे आता दिसत नाही. टकरीचा इशारा देणारी यंत्रणा जवळच्या रडार केंद्रात होती. ती १९ सेकंद आधी वाजली. पण दोघं एकमेकांना बघताहेत, या समजुतीनं कुणी काही केलं नाही. विमानांतली १३७ आणि जमिनीवरची ७, अशी १४४ माणसं गेली.

मला इथे लहानपणीची एक संध्याकाळ आठवते. रमजानचा एकोणतिसावा रोजा. सगळा मोहल्ला गच्च्यांवर. पश्चिमेला लाली आणि थोडे ढग. कुणीतरी बोट दाखवून ओरडलं, ‘दिसला, दिसला!’ शेजारचाही ओरडला. मीही ओरडलो. अब्बांनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, ‘बेटा, तुला दिसला, की त्यांना दिसला म्हणून तुला दिसला?’ मी गप्प. ईदच्या चंद्राची साक्ष घेताना जाणती माणसं नुसतं ‘दिसला का’ एवढ्यावर थांबत नाहीत. कुठे दिसला, किती वर होता, टोकं कुठल्या बाजूला होती, असं विचारतात. साक्ष देणारा खोटारडा आहे असा संशय त्यात नसतो. प्रामाणिक माणसाचे डोळेही, त्याला जे बघायचं आहे तेच बघतात, हा अनुभव असतो. आमच्या गच्चीवर चूक झाली असती तर फार तर ईद एक दिवस इकडेतिकडे झाली असती. आभाळात त्या शब्दाची किंमत वेगळी आहे.

सॅन दिएगोनंतर नियंत्रित घेर खूप वाढवण्याचा प्रस्ताव आला. छोट्या वैमानिकांच्या विरोधापुढे त्यातला बराच भाग बारगळला. मग ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजलिसजवळ सेरिटोस या गावावर एरोमेक्सिकोचं डीसी-९ आणि एक छोटं पायपर यांची टक्कर झाली. पायपरचा वैमानिक नकळत, परवानगीवाचून नियंत्रित घेरात शिरला होता. त्याच्या विमानातलं ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र, त्याची उंची सांगणारं नव्हतं. विमानांतली ६७ आणि खाली घरांतली १५, अशी ८२ माणसं गेली.

या वेळी दोन गोष्टी बदलल्या. मोठ्या विमानतळांपासून तीस मैलांच्या आत उडायचं, तर आपली उंची कळवणारं यंत्र जवळपास सर्वांना सक्तीचं झालं. आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा बसवण्याचा कायदा झाला. ही यंत्रणा आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरशी स्वतः बोलते आणि वैमानिकाला सांगते, वर जा, खाली जा. समोरचा ‘दिसलं’ म्हणतो की नाही, यावर ती अवलंबून नाही. १९९३ मध्ये अमेरिकेनं आभाळाच्या खोल्यांना जगातल्या इतर देशांप्रमाणे इंग्रजी अक्षरांची नावं दिली, म्हणजे कुठे कुठला नियम, हे नकाशावर चटकन कळावं.

हे सारं दूरदेशीचं झालं. पण या इतिहासाची सावली आपल्यावरही पडली आहे. मुंबईत जुहूचा जुना विमानतळ आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ अगदी शेजारी आहेत. १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच जुहूला उतरलं आणि आखूड धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवानं दोन्ही वेळा प्राणहानी झाली नाही. कसलेल्या वैमानिकांच्या डोळ्यांनी धावपट्टी पाहिली होती, हे खरंच. ती दुसरी होती.

आणि १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ तर आपण विसरू शकत नाही. हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ आदळलं. ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरींमध्ये इतकी मोठी हानी जगात दुसरी झालेली नाही. तिथे दोन्ही विमानं उपकरणांच्या नियमांनी उडत होती. एकाला १४,००० फूट आणि दुसऱ्याला १५,००० फूट उंची नेमून दिली होती, आणि कझाक विमान आपल्या उंचीखाली उतरलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. म्हणजे यंत्राचेही डोळे अर्धेच होते. त्यानंतर भारतानं टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली, येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले. सांगण्याचा मुद्दा हा, की यंत्राला देव मानून डोळ्यांना हिणवण्याचं कारण नाही. एकावर दुसऱ्याची नजर हवी.

याची एक चांगली वाटही आहे. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर नजरेनं उडणाऱ्यांसाठी आभाळाची एक मोकळी पट्टी होती. ८ ऑगस्ट २००९ रोजी तिथे एक छोटं विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर आदळलं, नऊ माणसं गेली. ती पट्टी बंद करा, अशी ओरड झाली. ती बंद केली नाही. नदीवर थांबून फिरणारे एका उंचीवर, नुसते ओलांडून जाणारे दुसऱ्या उंचीवर, वेगाला मर्यादा, आणि ठरलेल्या खुणांवर रेडिओवरून आपली जागा सांगणं, असे नियम घातले. मोकळीक राहिली, तिला शिस्त आली. छोट्यांच्या हक्काचं आणि सर्वांच्या प्राणांचं गणित असंही मांडता येतं.

इतकं सगळं शिकून झाल्यावर २९ जानेवारी २०२५ ची रात्र आली. वॉशिंग्टनच्या विमानतळावर एक प्रवासी जेट उतरत होतं. पोटोमॅक नदीवरून लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर नजरेच्या नियमांनी चाललं होतं. नियंत्रकानं विमानाची सूचना दिली. हेलिकॉप्टरनं उत्तर दिलं, दिसलं, नजरेनं अंतर राखतो. रात्रीची वेळ, शहराचे दिवे, उतरणाऱ्या इतर विमानांचे दिवे. त्यांतला कुठला दिवा? टक्कर झाली आणि ६७ माणसं गेली. जेटमधल्या यंत्रणेनं सुमारे वीस सेकंद आधी जवळ विमान असल्याची सूचना दिली होती. पण जमिनीच्या इतक्या जवळ ती ‘वर जा, खाली जा’ असा आदेश देत नाही. हेलिकॉप्टर आपली जागा उपग्रहाच्या मदतीनं प्रसारित करत नव्हतं; लष्कराला तशी सूट होती.

चौकशीत जे पुढे आलं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. हेलिकॉप्टरच्या त्या मार्गाची कमाल उंची २०० फूट होती. ती काटेकोर पाळली, तरी त्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत आणि हेलिकॉप्टरच्या वाटेत ७५ फुटांइतकंच अंतर उरू शकत होतं. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळापाशी प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी आढळल्या. नोंदी होत्या. कुणीतरी त्या एकत्र वाचायच्या राहिल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये तो मार्ग बंद करण्यात आला.

१९५६ मध्ये सॉल्ट लेकच्या नियंत्रकासमोर दोन कागदांवर एकच उंची आणि एकच वेळ लिहिलेली होती. २०२५ मध्ये संगणकात पंधरा हजारांवर नोंदी होत्या. मधल्या एकोणसत्तर वर्षांत रडार आलं, ट्रान्सपॉन्डर आला, उपग्रह आले. तरी धोका कागदावर आधी उमटलेला होता, आणि शेवटचा भार मात्र कुणाच्यातरी दोन डोळ्यांवर टाकलेला होता. टक्कर झाल्यावर आपण विचारतो, त्याला दिसलं कसं नाही? विचारायला हवं ते असं, की माणसाला जिथे दिसणं कठीण आहे, तिथे त्याच्या दिसण्यावर सगळं सोडून आपण निश्चिंत कसे राहिलो?

हा प्रश्न विमानांपुरता नाही. रेल्वेच्या फाटकावर, घाटातल्या वळणावर, कारखान्यातल्या यंत्राशेजारी आपण ‘बघून चाला’ अशी पाटी लावतो आणि आपलं कर्तव्य झालं असं मानतो. पाटी लावणं सोपं असतं, स्वस्तही असतं. ती लावल्यावर चूक नेहमी मेलेल्या माणसाचीच ठरते. आभाळाचा इतिहास सांगतो, की जिथे जिथे माणसांनी ती पाटी पुरेशी नाही हे मान्य केलं, तिथे अपघात थांबले किंवा कमी झाले. आता दोन प्रवासी विमानं ग्रँड कॅन्यनवर तशी आदळणं जवळजवळ अशक्य आहे, ते त्या १२८ माणसांनंतर झालेल्या बदलांमुळे.

ग्रँड कॅन्यनच्या काठावरच्या दफनभूमीत युनायटेडच्या विमानातल्या, ओळख न पटलेल्या प्रवाशांची सामायिक कबर आहे. टीडब्ल्यूएच्या प्रवाशांची फ्लॅगस्टाफ गावात आहे. २०१४ मध्ये अमेरिकेनं अपघाताच्या त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. त्या दऱ्यांवरून आजही विमानं जातात, नेमून दिलेल्या उंचीवर, कुणीतरी रडारवर बघत असताना. खिडकीशी बसलेली माणसं खाली बघतात आणि एकमेकांना म्हणतात, ते पाहा, दिसलं का? त्यांनी निर्धास्तपणे बघावं. आता त्यांचा जीव त्यांच्या वैमानिकाच्या नुसत्या नजरेवर टांगलेला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)